येणे बाकी

आमच्या घरी चपलांच्या एका जुन्या खोक्यात दोन कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत. दोन्हींवर बॉलपेनाने, दोन निरनिराळ्या हस्ताक्षरांत, एकच नाव लिहिलेले आहे : इंडस क्रीड. पहिले हस्ताक्षर नागापूरला एमआयडीसीलगतच्या चाळीत वाढलेल्या एका मुलाचे, दुसरे राहुरीला कृषी विद्यापीठाच्या वसाहतीत वाढलेल्या एका मुलीचे. ही दोघे पुढे नगरला मराठी घेऊन एम.ए. झाली, त्यांचे लग्न झाले, आणि गेली वीसेक वर्षे ती निरनिराळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवीत आहेत. हा लेख त्या दोघांनी मिळून लिहिला आहे. जेथे आमचे एकमत झाले नाही, तेथे तसे नमूद केले आहे.

मराठीच्या मास्तरांनी इंग्रजीत गाणाऱ्या रॉक बँडविषयी लिहावे ह्याचे काही वाचकांस नवल वाटेल. आम्हांलाही वाटते. पण ऐन पौगंडावस्थेत जी गोष्ट माणसाला धरते, ती 'पुढे पदवी कोणत्या विषयात घेणार' हे विचारून येत नाही. शिवाय बँडपेक्षा त्याच्या संपण्याविषयी आम्हांला अधिक लिहावयाचे आहे. आणि संपणे हा विषय काही आमच्या अभ्यासक्रमाबाहेरचा नाही.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. १९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा एक बँड उभा राहिला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजवीत, आणि जो अधिक हुबेहूब तो अधिक थोर असा हिशोब होता. ह्या मंडळींनी स्वतःची गाणी रचून वाजवायला सुरुवात केली. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' हे त्यांचे दोन अल्बम आले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया ही पुढे त्या बँडची ओळख बनलेली नावे. १९९३ साली त्यांनी नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड' ह्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ साली 'इंडस क्रीड' ह्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७ साली बँड थांबला. सगळा मिळून तेरा वर्षांचा संसार.

नागापूरच्या चाळीत केबल आली ती ह्याच सुमारास. मनमाड रस्त्याच्या कडेचे हे गाव तोवर कारखान्यांच्या भोंग्यांवर चालत असे. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की चाळीतल्या सायकली निघत, दुसऱ्या पाळीच्या भोंग्याला त्या परत येत, आणि तिसऱ्या पाळीची माणसे दिवसा झोपत म्हणून मुलांनी दुपारी ओरडायचे नाही असा दंडक होता. अशा दबलेल्या दुपारी, आवाज अगदी बारीक ठेवून, सातवीतल्या मुलाने दूरदर्शन संचावर काही लांब केसांची माणसे गाताना पाहिली. ती परदेशी आहेत हे त्याने गृहीतच धरले होते. गाणे संपल्यावर निवेदकाने त्याच्या भरधाव इंग्रजीत काहीतरी सांगितले. त्यातला एकच शब्द मुलाला कळला : बॉम्बे.

त्या एका शब्दाने जे झाले ते आज नीट सांगणे अवघड आहे. अभिमान वाटला हे खरेच. पण त्याहून अधिक वाटली ती एक चमत्कारिक अस्वस्थता. ही माणसे अमेरिकेची असती तर प्रश्नच नव्हता. अमेरिका चंद्रासारखी, तिच्याशी आपली तुलना कोण करतो? परंतु मुंबई नागापूरहून एका रात्रीच्या एसटीवर होती. तेथे मामा राहत होता. म्हणजे हे शक्य होते. आपल्याला येत नाही ते जवळच कोणाला तरी येते, ही जाणीव सुखाची नसते.

राहुरीतल्या मुलीची गोष्ट थोडी वेगळी. तिचा मामेभाऊ मुंबईत शिकत होता. १९९५ सालच्या दिवाळीत त्याने तिला एक कॅसेट भरून आणून दिली आणि 'हे ऐक, नाहीतर भावगीतांत मरशील' असा आशीर्वाद दिला. ती भावगीतांत मेली नाही आणि भावगीतेही तिने सोडली नाहीत. 'क्रीड' ह्या शब्दाचा अर्थ तिने शब्दकोशात पाहिला : पंथ. सिंधूचा पंथ! पुढे एम.ए.ला महानुभाव पंथाचे गद्य शिकताना तिला हा शब्द आठवून हसू येई. पण त्यात काही चूक नव्हते. पंथाला लागते ते सगळे होते : थोडे अनुयायी, एक सांकेतिक भाषा, आणि बाहेरच्यांना काही कळत नाही ह्याचा सूक्ष्म अहंकार.

नागापूरच्या मुलाने आपली कॅसेट नगरला चितळे रोडवरच्या एका दुकानातून भरून घेतली. कोऱ्या कॅसेटचे पैसे वेगळे, भरून देण्याचे वेगळे. दोन्ही मिळून मूळ कॅसेटपेक्षा स्वस्त पडे. दुकानदार मिनिटांचा हिशोब न करता भरी, त्यामुळे पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे अर्ध्यावर तुटलेले होते. गायकाचा स्वर चढत चढत जाई, आता काहीतरी होणार असे वाटे, आणि तेवढ्यात 'खट्' असा आवाज होऊन टेपरेकॉर्डरचे बटण वर येई. ते गाणे पुढे कोठे जाते हे मुलाला ठाऊक नव्हते. काही महिन्यांनी त्याला ते जाणून घ्यावेसेही वाटेनासे झाले. 'खट्' हाच त्या गाण्याचा शेवट झाला होता.

हे 'खट्' वाचकांनी लक्षात ठेवावे. त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

*

आमची ओळख एम.ए.च्या वर्गात झाली असली तरी मैत्री झाली ती तारकपूर बसस्थानकावर. राहुरीची गाडी नागापूरवरूनच जाते. एकाने आधी उतरायचे, दुसरीने पुढे जायचे. गाडीत मर्ढेकरांवर वाद घालणे ही त्या वयात प्रेमाची मान्यताप्राप्त पद्धत होती. एके दिवशी गाडीच्या धडधडीवर बोटांनी ठेका धरताना एकाच्या तोंडून एक ओळ निघाली आणि पुढची ओळ शेजारच्या आसनावरून आली. नागापूरचा थांबा त्या दिवशी चुकला.

मग कळले, की आम्ही दोघेही गेली कित्येक वर्षे पुढच्या अल्बमची वाट पाहत होतो. स्वतंत्रपणे, कोणाला न सांगता. चितळे रोडवर दर दोनतीन महिन्यांनी 'आली का नवी?' असे एक जण विचारी; दुसरी मामेभावाला पत्रातून विचारी, आणि मामेभाऊ त्या प्रश्नाला उत्तर देत नसे. त्याने तोवर ते सगळे सोडून नोकरी धरली होती.

२००२ साली नगरच्या एका सायबर कॅफेत, तासाचे पैसे मोजून, आम्ही ते नाव शोधले. बँड १९९७ सालीच थांबला होता. उदय बेनेगल आणि त्यांचे सहकारी गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले होते आणि तेथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' ह्या नावाने नवे काम सुरू केले होते. पाच वर्षे आम्ही एका बंद घराचे दार वाजवीत होतो.

येथे आमचे पहिले मतभेद नोंदवितो.

आमच्यापैकी एकीला राग आला. तिचे म्हणणे असे, की आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. भैरवी सुरू झाली की श्रोता समजतो, चपला कोठे काढल्या होत्या ते आठवू लागतो, मनाची आवराआवर करतो. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता तर खुद्द सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने करण्याची प्रथा आहे. गेलेल्या माणसाचा आवाज येऊन जिवंत माणसांना घरी जा म्हणून सांगतो. कीर्तनकार वाटेतच वीणा ठेवून निघून जात नाही. नाटकाला भरतवाक्य असते, पोथीला फलश्रुती असते. मग ज्यांनी आम्हांला एवढे धरून ठेवले, त्यांनी जाताना निदान एक भैरवी गायला नको होती काय?

दुसऱ्याला मात्र, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले. हे त्याने त्या दिवशी सांगितले नाही, लग्नानंतर सांगितले. बँड होता तोवर एक टोचणी होती. मुंबईत कोणीतरी ते करीत होते जे आपण नागापुरात करू शकत नव्हतो. गिटार परवडत नव्हती, इंग्रजी येत नव्हते, आणि येत असते तरी काय गायचे हे माहीत नव्हते. बँड थांबला आणि ती टोचणी थांबली. जमले नाही त्यांनाही शेवटी जमले नाहीच ना, असा एक हीन दिलासा त्यात होता. शोकाच्या खाली असा दिलासा असू शकतो हे मान्य करायला त्याला काही वर्षे लागली. आपल्या आवडत्या माणसांच्या पराभवातही आपण आपली सोय पाहतो.

*

बँड का थांबला ह्याची कारणे शोधू लागलो तेव्हा त्या काळाचे चित्र हळूहळू स्पष्ट झाले. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि त्यांनीच अशा बँडांना घराघरांत नेले. परंतु त्याच वाहिन्यांना काही वर्षांत उमगले, की ह्या देशात इंग्रजी गाण्यांपेक्षा हिंदी गाण्यांना कितीतरी मोठे गिऱ्हाईक आहे. १९९५ साली, म्हणजे 'इंडस क्रीड' अल्बमच्याच वर्षी, अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले आणि दलेर मेहंदीचे 'बोलो तारारारा' आले. रेकॉर्ड कंपन्यांचे लक्ष तिकडे वळले. ज्या दाराने हा बँड आत आला होता त्याच दाराने त्याला बाहेर काढणारा वारा आला.

जागांचेही तसेच. मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे ह्या मंडळींचे माहेर. उघडे प्रेक्षागृह, स्वस्त तिकिटे, १९८६ पासून तेथे भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक'. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथले कार्यक्रम बंद झाले. शेजारी रुग्णालये आहेत. नियम चुकीचा म्हणता येत नाही. पण एखादी कला संपते तेव्हा तिच्या शत्रूंची यादी करायला बसावे तर यादीत बहुधा सज्जनच सापडतात.

आम्ही ही कारणे बराच काळ मोठ्या आवेशाने सांगत असू. बाजार, वाहिन्या, कंपन्या. मित्रमंडळींत कोणी विषय काढला की आमचे छोटेसे व्याख्यान ठरलेले. ते व्याख्यान एका प्रसंगाने थांबले.

२००४ ते २००६ ह्या काळात आम्ही काही मित्रांसह एक अनियतकालिक काढले. नाव सांगण्याचे कारण नाही; ते वाचलेल्यांना आठवेल आणि न वाचलेल्यांना त्याने फरक पडणार नाही. पाच अंक निघाले. सहाव्याची जुळणी झाली होती. कागदाचे पैसे नव्हते. आम्ही वाचकांना काही कळविले नाही. कळवायचे काय? आज ना उद्या काढू, असे आम्हांलाच वाटत होते. असे वाटता वाटता अनियतकालिक बंद पडले. म्हणजे नेमके ते कोणत्या दिवशी बंद पडले हे आम्हांलाही सांगता येणार नाही. भैरवी का गायली नाही म्हणून बँडवर रागावणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मैफलीची भैरवी गायली नव्हती.

त्यानंतर वर्षभराने एका साहित्यिक कार्यक्रमात एक गृहस्थ भेटले. 'सर, तुमचा अंक बंद पडला, फार वाईट झाले. आमच्यासारख्यांचा आधार होता हो,' असे ते कळवळून म्हणाले. घरी येऊन आम्ही वर्गणीची वही काढली. त्यांचे नाव वहीत होते. नावापुढे 'येणे बाकी' असे लिहिले होते. पाचही अंक त्यांना टपालाने गेले होते. वहीत नावे शंभराच्या वर होती आणि पैसे आलेली नावे तिसांच्या आत.

आम्ही त्यांच्यावर मनसोक्त हसलो. मग आमच्यापैकी एकाने, कोणी हे आता आठवत नाही, विचारले :

"तुझी ती कॅसेट विकतची होती का गं?"

"नाही. दादाने भरून दिलेली. तुझी?"

"चितळे रोड."

त्या रात्री आम्ही हिशोब केला. ज्या बँडच्या संपण्यावर आम्ही इतकी वर्षे हळहळलो होतो, त्याची एकही मूळ कॅसेट आमच्या दोन घरांत मिळून नव्हती. एकही तिकीट आम्ही काढले नव्हते. एक पत्रसुद्धा लिहिले नव्हते. मैफलीत श्रोता निदान दाद देतो. आम्ही भिंतीला कान लावून ऐकले होते आणि मैफल मोडल्यावर यजमानावर रुसलो होतो. बँडच्या वहीत, अशी वही कोठे असेल तर, आमच्याही नावापुढे तेच दोन शब्द असणार होते.

आमची बाजू मांडणे अशक्य नाही. चाळीतल्या घरात कॅसेटसाठी महिन्यातून किती पैसे निघत हे आम्हांला आठवते. नागापूरला कोणी कार्यक्रम करीत नव्हते. हे सगळे खरे आहे. परंतु ते गृहस्थही हेच म्हणाले असते, आणि तेही खरेच असते.

*

मराठी साहित्यात हा अनुभव नवा नाही. 'सत्यकथा' १९८२ साली बंद झाले. त्यावर आजवर जितके अश्रू ढाळले गेले आहेत त्यांचा अर्धा वाटा जरी त्या वेळी वर्गणीच्या रूपाने आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना विचारतो. ह्याच मासिकाच्या अंकांची १९६९ साली तरुण लेखकांनी होळी केली होती. वरवर पाहता जाळणारे हे शत्रू आणि हळहळणारे हे मित्र. पण जाळणाऱ्यांनी अंक निदान मनापासून वाचला होता, आणि जिवंत होता तेव्हाच त्याला आपले म्हणणे ऐकविले होते. बंद पडल्यावर येणारे प्रेम हे फार स्वस्त पडते. त्याला उत्तर द्यायला समोर कोणी नसते.

शेवट कसा असावा ह्याविषयी आपल्या मनात एक आदर्श घट्ट बसलेला आहे. आमच्याच जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरांनी १२९० साली आपला ग्रंथ पूर्ण केला, आणि १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. काम पुरे झाले, मागणे मागून झाले, आता उठावे. इतका नितळ शेवट डोळ्यांपुढे असला की बाकीचे सगळे शेवट गबाळे वाटू लागतात. परंतु समाधी संतांची असते. माणसांची कामे बहुधा विहीर आटते तशी संपतात : आज पोहरा अर्धा भरला, उद्या तळ खरवडला, परवा कोणी दोरच सोडला नाही. त्यात कोणाचा अपराध नसतो आणि मुहूर्तही नसतो.

आणि जे समारंभाने निरोप घेतात त्यांचे तरी काय होते? ह्याचे एक उदाहरण नगरकरांच्या अगदी दारातले आहे. नगर-दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले आणि १९६९ साली देह ठेवेपर्यंत ते सोडले नाही. इंग्लंडमधल्या 'द हू' ह्या बँडचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड हा त्यांचा भक्त. १९६९ सालच्या 'टॉमी' ह्या अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचे नाव आहे, आणि १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली' ह्या जगभर गाजलेल्या गाण्याच्या नावातले 'बाबा' हे आमचे अरणगावचे बाबा. जगातल्या अतिशय कर्णकर्कश समजल्या गेलेल्या एका बँडचे गुरू चव्वेचाळीस वर्षे मौनात होते, ही गोष्ट आम्हांला नेहमीच विचार करायला लावते.

तर ह्या 'द हू'चा ड्रमवादक कीथ मून १९७८ साली वारला. बँड चालू राहिला. १९८२ साली त्यांनी निरोपाचा दौरा केला. काही वर्षांत ते पुन्हा एकत्र आले. २००२ साली जॉन एंटविसल वारला. उरलेले गातच राहिले. २०२५ साली त्यांनी उत्तर अमेरिकेत पुन्हा एकदा निरोपाचा दौरा केला. म्हणजे दोन निरोपांमध्ये त्रेचाळीस वर्षे गेली. बीटल्सचेही पाहा. १९७० साली ते विभक्त झाले, आणि २०२३ साली त्यांचे 'नाऊ अँड देन' हे गाणे प्रसिद्ध झाले. जॉन लेननने सत्तरच्या दशकात घरी एका कॅसेटवर गाऊन ठेवलेला आवाज यंत्राने स्वच्छ करून. कॅसेटींना कमी लेखू नये.

भैरवी गाऊन झाल्यावरही जर माणसे पुन्हा तानपुरे जुळवीत असतील, तर भैरवीचा आग्रह नेमका कोणासाठी? आमचे आता असे मत झाले आहे, की तो श्रोत्यांच्या सोयीसाठी असतो. आपल्याला रडायला एक ठरलेली वेळ हवी असते.

*

२०१० साली बातमी आली, की इंडस क्रीड पुन्हा उभा राहतो आहे. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने तिघे. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे दोघे. आम्ही तेव्हा तिशीत होतो, दोघांच्याही नोकऱ्या कायम झालेल्या होत्या, आणि पैसे नाहीत हे कारण उरले नव्हते.

आम्हांला आनंद झाला असे लिहिणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या रात्री आम्ही दोघेही गप्प होतो. बंद घराचे दार आतून उघडले जावे तसे ते होते. जो शेवट आम्ही कष्टाने पचविला होता, ज्याच्यावर आमचे तत्त्वज्ञान, आमचे विनोद आणि थोडेसे आमचे लग्नही उभे होते, तोच आता रद्द होत होता. आमच्यापैकी एकीला वाटले, ह्यांनी आता परत येऊ नये. हे तिने उच्चारले आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आधी 'असे न सांगता का गेलात' म्हणून रुसायचे, आणि आल्यावर 'आता का आलात' म्हणायचे! चाहता हा प्राणी मोठा अन्यायी असतो. त्याला बँड जिवंत नको असतो. त्याला आपले पंधरावे वर्ष जिवंत हवे असते.

मुंबईतल्या एका कार्यक्रमाला जायचे आम्ही ठरविले. रजेचे अर्जही लिहिले. गेलो नाही. त्या आठवड्यात मुलीला ताप होता आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आलेले होते. ही कारणे खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. ताप दोन दिवसांत उतरला होता. खरे कारण असे, की आम्हांला भीती वाटली. ती माणसे वयस्कर दिसतील ही नव्हे. त्यांच्यासमोर उभे राहून आम्हीच वयस्कर दिसू, ही. तिकीट ह्या वेळीही निघाले नाही.

२०१२ साली त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. तेव्हा मात्र आम्ही पुण्याला जाऊन दोन प्रती विकत घेतल्या. एकच पुरली असती. आम्ही एकाच घरात राहतो. दुकानदाराने 'दोन?' असे विचारले तेव्हा आम्ही 'हो, दोन' एवढेच म्हणालो. घरी येऊन अल्बम ऐकला. वाजविणे पहिल्यापेक्षा सफाईदार होते, रचना अधिक गुंतागुंतीच्या आणि प्रौढ होत्या, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी तरुण असल्याचे सोंग कोठेही आणलेले नव्हते. समीक्षक म्हणून आम्ही त्याला चांगले गुण देऊ. पण ती तबकडी आमच्याकडे फारशी वाजली नाही. आदराने कपाटात ठेवली गेली. ऋण फेडण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचे असेच होते. त्या पावतीसारख्या जपल्या जातात.

त्यानंतर केव्हातरी, एका पावसाळी संध्याकाळी, आंतरजालावर १९९५ सालच्या अल्बममधले ते गाणे सापडले. तेच, पहिल्या बाजूचे शेवटचे, दुकानदाराने अर्ध्यावर तोडलेले. राहुरीच्या कॅसेटवर ते पूर्ण होते, तेव्हा दुसरीला त्याचा शेवट आधीपासून ठाऊक होता. पण तिने तो कधी सांगितला नव्हता आणि ती कॅसेट लग्नाच्या आधीच गुंडाळून बसली होती. आम्ही गाणे लावले. स्वर चढत गेला. ज्या ठिकाणी बटण वर यायचे ते ठिकाण आले आणि गेले. गाणे पुढे चालू राहिले.

नागापूरच्या मुलाला ते परके वाटले. पुढचा भाग चांगलाच होता, कदाचित सुरुवातीहून चांगला. तरी त्याचा कान 'खट्' शोधीत राहिला. मग त्याच्या लक्षात आले, की ज्याला तो इतकी वर्षे शेवट समजत होता तो गाण्याचा शेवट नव्हता. तो त्याच्या स्वस्त कॅसेटचा शेवट होता. गाणे पूर्णच होते. त्याच्यापर्यंत अर्धे पोचले ते त्याने अर्ध्याचेच पैसे मोजले होते म्हणून.

*

गेल्या वर्षी आमच्याकडे टपालाने एक पाकीट आले. एका लहानशा त्रैमासिकाच्या संपादकांचे पत्र होते. प्रकृती साथ देत नाही, तेव्हा अंक थांबवीत आहोत, असे चार ओळींत लिहिलेले. आपल्या वर्गणीपैकी दोन अंकांची रक्कम शिल्लक राहते ती सोबत पाठवीत आहोत, लोभ असावा. आणि खरोखरच पाकिटात, कागदाच्या घडीत, शंभराच्या दोन नोटा होत्या.

दोघेही ते पत्र बराच वेळ हातात धरून बसलो होतो. भैरवी म्हणतात ती हीच असावी. पण ती त्यांना गाता आली, कारण हिशोब करण्याजोगे काहीतरी आमच्या बाजूनेही गेलेले होते. ज्याने काही दिले आहे त्यालाच शिल्लक परत मिळते. ज्याच्या नावापुढे 'येणे बाकी' आहे, त्याला निरोपाचे पत्र कोण आणि कशासाठी पाठविणार?

इंडस क्रीडवर आता आमचा राग नाही. तो पंथ स्थापन करणाऱ्यांनी आपले काम केले, थांबावेसे वाटले तेव्हा ते थांबले, पुन्हा वाजवावेसे वाटले तेव्हा पुन्हा वाजविले. ह्यातले काहीही आम्हांला विचारून करण्याचे त्यांना कारण नव्हते. दरवर्षी जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले की आम्ही एक लहानशी यादी काढतो, आणि जी नियतकालिके अजून चालू आहेत त्यांची वर्गणी भरून टाकतो. त्या दोनशे रुपयांतून आणखी एका अंकाची वर्गणी भरली. नागापूरच्या टपाल कार्यालयातल्या खिडकीमागच्या बाईंनी पत्ता वाचून विचारले, "हे अजून निघते का हो?"

"निघते," आम्ही म्हणालो. "म्हणूनच आलो."